एक आकडा, पाच संस्था आणि शेवटचा रकाना

आमच्या पहिल्या बैठकीला पाच संस्था आल्या आणि पाचही जणांनी आपापला आकडा आणला होता. शाळेची हजेरी ९३ टक्के. दवाखान्याच्या तपासण्या वाढलेल्या. वाचनालयाचे सभासद वाढलेले. बससेवेच्या फेऱ्या वाढलेल्या. पालकांच्या गटाने घरभेटींचा तक्ता रंगवून आणला होता. प्रत्येकाचा आलेख वर चाललेला, आणि तरी भर शाळेच्या वेळेत मुलं रस्त्यावर दिसत होती. तक्ते जुळवायचं काम तेव्हा माझ्याकडे आलं आणि अजूनही ते मीच करते. बऱ्याच संस्थांनी मिळून एखाद्या वस्तीचं भलं करायचं ठरवलं की घोडं कुठे अडतं, ते या कामात कळलं. तेच लिहिते आहे.

आधी त्या ९३ टक्क्यांची फोड करते, कारण सरासरीसारखा गुणी लबाड दुसरा नाही. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं धरा, मुलं १००. त्यातली ८० मुलं वर्षाला सरासरी साडेचार दिवस चुकली आणि उरलेली २० मुलं ४५ दिवस चुकली, तरी एकूण हजेरी भरते बरोब्बर ९३ टक्के. वर्षाचा चौथा हिस्सा बुडवणारी ती २० मुलं त्या आकड्यात दिसतच नाहीत. म्हणून सरासरीऐवजी आम्ही वेगळा आकडा धरला : शाळेच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं किती? १८० दिवसांच्या हिशेबाने १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. ही मर्यादा अनेक ठिकाणी वापरतात, आम्ही काही नवं शोधलं नाही.

काय व्हायला हवं, ते साध्या वाक्यात लिहा

बैठकीत कुणीतरी ‘जनजागृती करणे’ असं फळ्यावर लिहितंच. ते पुसा. तो उपाय झाला, आणि उपायाची वेळ अजून आलेली नाही. फळ्यावर हवं ते वस्तीतल्या माणसांच्या स्थितीचं वाक्य : ‘मुलं रोज शाळेत येतात.’ ‘म्हातारी माणसं घरात पडत नाहीत.’ कुणालाही वाचून दाखवलं तर ‘हो, हे हवंच’ असं म्हणता आलं पाहिजे.

मग त्या वाक्याला आकडा शोधायचा. मार्क फ्रिडमन यांनी मांडलेल्या फलाधारित उत्तरदायित्वाच्या पद्धतीत यासाठी तीन चाळण्या आहेत. आकडा ऐकल्याबरोबर सामान्य माणसाला समजतो का? मूळ गोष्टीबद्दल तो खरंच काही सांगतो का? आणि तो नियमितपणे, भरवशाने मिळतो का? तिसऱ्या चाळणीत बरेच चांगले आकडे गळतात. वर्षातून एकदा येणारा आकडा अहवालाला ठीक आहे, पण त्यावर दरमहा काम करता येत नाही. आमच्या यादीत सुरुवातीला २३ आकडे होते. तीन ठेवले. बाकीच्यांसाठी लोक भांडले, रुसले, आणि दोन महिन्यांत विसरलेही.

कोण कशाला जबाब देणार, ते वेगळं करा

याच पद्धतीतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे जबाबदारीच्या दोन पायऱ्या. वस्तीतल्या सगळ्या मुलांचा गैरहजेरीचा आकडा सगळ्यांचा मिळून. तो वाढला म्हणून वाचनालयावर खापर फोडायचं नाही आणि घटला म्हणून शाळेने एकटीने मिरवायचं नाही. पण ज्याचं त्याचं काम मात्र ज्याचं त्याचं. तिथे प्रत्येक संस्थेला तीन प्रश्न : किती केलं? किती नीट केलं? आणि त्यामुळे कुणाचं बरं झालं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. तिसऱ्याला लोक खिडकीबाहेर बघतात. आम्ही पहिल्या वर्षी घरभेटी मोजायला लागलो आणि भेटी भराभर वाढल्या. मागाहून कळलं, दारातून ‘सगळं बरंय ना?’ विचारून परतणंही भेटीत धरलं जात होतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना नेमकं हेच दुखणं सांगितलं होतं : नियंत्रणासाठी दाब दिला की आकड्यांमधला नेहमीचा संबंध मोडतो. आता आम्ही भेटी मोजत नाही. भेटीनंतरच्या चार आठवड्यांत ते मूल किती दिवस शाळेत आलं, ते मोजतो.

माहिती वाटून घेताना

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. यातलं उत्तम उदाहरण वेल्समधल्या कार्डिफ शहराचं. तिथले जबड्याच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग तातडीच्या विभागात नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी थोडेच जास्तीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली : कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं. नावं काढून टाकून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडच्या माहितीशी जोडली जायची. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या मद्यालयाजवळ, किती वाजता प्रकार होतात ते दिसू लागलं, त्याप्रमाणे गस्त हलवली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला दर लाख लोकांमागे ७ वरून ५ वर आलेलं दिसलं. तुलनेला घेतलेल्या तशाच शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं होतं. गंमत म्हणजे पोलिसांकडची किरकोळ मारहाणीची नोंद कार्डिफमध्ये वाढली. पोलीस जास्त ठिकाणी पोचत होते, म्हणून जास्त नोंदवत होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले नसते तर कुणीतरी योजना फसली म्हणून मोकळं झालं असतं.

यातून शिकायचं ते मोठ्या संगणकयंत्रणेबद्दल नाहीच. तीनचार प्रश्न, तेही कामाच्या ओघात विचारता येणारे. तुमच्याकडेही आधी कागदावर ठरवा : कोणते रकाने लागतात, ते नेमके कशासाठी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, केव्हा पुसणार. ‘असू दे, पुढेमागे लागेल’ या नावाखाली एकही रकाना घेऊ नका. कागदावर संस्थाप्रमुखांची सही घ्या. सही न घेता सुरू केलेली देवाणघेवाण माणूस बदलला की बंद पडते.

माझी एक चूक सांगते. पहिल्या जाहीर बैठकीत मी गैरहजेरीचा नकाशा पडद्यावर लावला. नाव कुठेही नव्हतं, नुसते ठिपके. पण एका गल्लीत ठिपका एकच होता, आणि त्या गल्लीत शाळेत जाणारं मूलही एकच. मागच्या रांगेतून कुणीतरी त्याचं नाव मोठ्याने घेतलं. त्याची आई तिथेच बसलेली. मी पडदा बंद केला, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली, पण झालं ते झालं. तेव्हापासून पाचपेक्षा कमी मुलं असतील तो आकडा आम्ही बाहेर दाखवत नाही, शेजारचा भाग त्यात मिळवतो. नावनिशीची यादी फक्त प्रत्यक्ष मदत करणाऱ्या तिघांपुढे उघडते.

नावनिशीची यादी मुळात नकोच, असंही नाही. अमेरिकेतल्या रॉकफर्ड शहरात बेघर माणसांचा एकूण आकडा धरून बसण्याऐवजी प्रत्येकाची नावासह यादी ठेवली, ती सतत ताजी ठेवली आणि सगळ्या संस्था त्या एकाच यादीवर काम करू लागल्या. २०१५ मध्ये तिथे माजी सैनिकांमधलं आणि २०१७ मध्ये दीर्घकाळचं बेघरपण जवळजवळ शून्यावर आलं. म्हणजे नव्याने बेघर होणाऱ्यांपेक्षा घर मिळवून देण्याची व्यवस्था जास्त वेगाने चालू लागली. आकड्याने दिशा कळते, काम नावावरच होतं. दोन्हींच्या किल्ल्या मात्र वेगळ्या ठेवा.

आणि शब्दांचे अर्थ जुळवा. एक शाळा उशिरा आलेल्याला गैरहजर धरायची, दुसरी धरायची नाही. एकाच मुलीचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी लिहून मोकळं व्हायची सवय तर सगळीकडे. आमच्या दोन अख्ख्या बैठका ‘गैरहजर म्हणजे काय’ यावर गेल्या. कंटाळवाण्या होत्या. पण त्यातलं एक पानी टाचण आजही प्रत्येक तक्त्याच्या वर चिकटवलेलं असतं.

दोन तक्ते शेजारी ठेवले की

शाळेच्या नोंदीत गैरहजेरीचं सगळ्यात मोठं कारण ‘आजारी’. आम्ही दवाखान्याला जुंपायच्या तयारीत होतो. पण दवाखान्याचा तक्ता शेजारी ठेवला तर त्या आठवड्यांत मुलांची गर्दी नेहमीएवढीच. मग शाळेच्या कारकुनाशेजारी बसून नोंद कशी होते ते पाहिलं. कारणांच्या यादीत ‘आजारी’ सगळ्यात वर होतं आणि काही न निवडता पुढे गेलं तर आपोआप तेच पडत होतं. चाळीस मुलांची हजेरी घेणारी शिक्षिका तिथे किती थांबणार?

गैरहजर मुलांच्या यादीतल्या १४ जणांचे पत्ते बसमार्गाच्या शेवटच्या दोन थांब्यांजवळचे निघाले. बससेवेच्या माणसाने फेऱ्यांची वही आणली. पहिली फेरी रद्द झालेले दिवस आणि ही मुलं न आलेले दिवस हारीने जुळत गेले. चालक रजेवर गेला की बदली नसायचा, आणि दुसरी फेरी शाळा भरल्यानंतर पोचायची. उशीर झाला की शाळेत बोलणी बसायची, म्हणून मुलं घरीच राहायची. तिन्ही ठिकाणची माहिती कितीतरी दिवस तिथेच पडून होती.

कारणांची नवी यादी करताना पालकांना बसवलं. एका आईने विचारलं, “लहान भावाला सांभाळायला घरी ठेवलं, हे कुठे लिहायचं?” ते कारण आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ज्यांची माहिती आहे त्यांना टेबलाशी बोलवा, आणि आकडा बाहेर जाण्याआधी त्यांना दाखवा.

आलेख वाचताना घाई नको

दर महिन्याचा एक ठिपका, त्यांना जोडणारी रेघ आणि मधोमध मध्यकाची आडवी रेघ, म्हणजे निम्मे ठिपके जिच्या वर आणि निम्मे खाली पडतात ती. बास. एका महिन्यात आकडा घसरला म्हणून टाळ्या नकोत. आरोग्यसेवेतल्या गुणवत्तेच्या कामात एक सोपा नियम वापरतात : सलग सहा किंवा जास्त ठिपके मध्यकाच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरंच बदललंय असं धरा. त्याआधीचं बरंचसं नुसतं वरखाली असतं. शिवाय गेल्या दोनतीन वर्षांचा कल पुढे ओढून बघा, की काहीच केलं नाही तर रेघ कुठे जाईल. आपली स्पर्धा त्या रेघेशी असते.

बैठक आणि तिचा शेवटचा रकाना

बैठक एक तास. पहिली दहा मिनिटं फक्त मागच्या वेळच्या कामांची. माझ्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात तीन गोष्टी असतात : कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कोण’मध्ये संस्थेचं नाव चालत नाही, माणसाचंच लागतं. ‘शाळेने पाहावे’ असं लिहिलं की कुणीच पाहत नाही.

झालं ते हिरवं, अडलं ते लाल. पहिले चार महिने सगळं हिरवं येत होतं, तेव्हाच मला शंका आली होती. मग बससेवेच्या त्या माणसाने स्वतःहून लाल लावलं : बदली चालक मिळाला नाही. खोलीत सगळे मूग गिळून बसले. अध्यक्षबाई एवढंच म्हणाल्या, “काय अडलं?” ‘का नाही केलं’ असं त्यांनी विचारलं असतं, तर पुढे वर्षभर कुणी लाल लावलं नसतं. शाळेतले एक मदतनीस सकाळचा पालकांना संदेश पाठवायचं काम घेतो म्हणाले, फेरी रद्द झाली तर उशिराचा शेरा मारायचा नाही असं ठरलं, आणि बदली चालकाची नवी तारीख पडली.

सौम्यपणालाही हद्द हवी. सलग दोन तारखा चुकल्या की ती ओळ त्या माणसाच्या वरिष्ठांकडे जाते, आपोआप. कुणी तक्रार करायची गरज नाही, त्यामुळे वैरही येत नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सहीने करा. पहिली चूक झाल्यावर केलात तर तो त्या माणसाविरुद्धचा नियम होतो.

हे सगळं सांभाळायला कुणाचा तरी पगारी वेळ लागतो. २०११ मध्ये जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांनी अशा सामूहिक कामाच्या पाच अटी मांडल्या, त्यात कण्यासारखी आधार देणारी स्वतंत्र यंत्रणा ही एक अट आहेच. आमच्याकडे तो कणा म्हणजे आठवड्यातले माझे अडीच दिवस. ‘प्रत्येकाने थोडं थोडं करू’ हे मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात तक्ता यायचा थांबला.

फळ न देणारी कामं बंद करणं हाही याच कामाचा भाग, आणि तो अवघड. पूर्ण हजेरीला प्रशस्तिपत्र द्यायची आमची योजना लाडकी होती. आकडे पाहिले तर प्रशस्तिपत्रं त्याच मुलांना मिळत होती, जी एरवीही रोज येत होती. बंद करायचं ठरलं. मुख्याध्यापकांना, ज्यांची ती कल्पना होती, हे सांगायचं काम शेवटच्या रकान्यात माझ्याच नावावर पडलं. मी तारीख चुकवली. पुढची तारीख घेतली, तीही चुकवली. तिसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांचा फोन आला, “तुमची एक ओळ माझ्याकडे आली आहे. काय अडलं?”