दीर्घ आजार असलेल्या मुलाची गैरहजेरी: शाळेकडे काय, केव्हा आणि कसे नोंदवावे

हजेरीपटाच्या रकान्यात मूल हजर असते किंवा गैरहजर असते. ते सहलीला गेले होते की रक्त चढवून घेण्यासाठी रुग्णालयात झोपून होते, हे त्या रकान्यावरून कळत नाही, आणि वर्षअखेरीस टक्केवारी काढणाऱ्या लिपिकासमोर तेवढा रकानाच असतो. म्हणून दमा, मधुमेह, अपस्मार, थॅलेसेमिया (आनुवंशिक रक्तविकार), मूत्रपिंडाचे विकार अशा दीर्घ आजाराच्या मुलाबाबत गैरहजेरीचे कारण शक्यतो ती घडण्यापूर्वीच शाळेच्या दप्तरी पोचवावे. दिवस उलटून गेल्यावर आणलेल्या दाखल्यांच्या गठ्ठ्यापेक्षा वर्षारंभी दिलेले एक नीट पत्र अधिक उपयोगी पडते.

हे पत्र वर्गशिक्षकांच्या हाती न देता मुख्याध्यापकांच्या नावे, शाळेच्या कार्यालयात द्यावे आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. वर्गशिक्षक कितीही समजूतदार असले तरी त्यांची बदली होते, ते रजेवर जातात, आणि तोंडी ठरलेले त्यांच्याबरोबर जाते. पत्रात आजाराचे सविस्तर वर्णन करण्याची गरज नाही. आजारामुळे शाळेच्या वेळापत्रकावर काय परिणाम होणार, ते लिहावे. नियोजित उपचारांच्या तारखा, आजार अचानक बळावल्यास घरून कोण, कोणत्या वेळेपर्यंत आणि कसे कळवणार, आणि मूल आजारी नसतानाही त्याला घरी ठेवावे लागेल असे प्रसंग कोणते, या तीन गोष्टी त्यात असाव्यात.

डॉक्टरांच्या दाखल्यालाही हेच लागू पडते. ‘या मुलास अमुक आजार आहे’ एवढ्याच ओळीतून शाळेला काही करता येत नाही. ‘दर तीन आठवड्यांनी एक पूर्ण दिवस उपचार घ्यावे लागतात’, ‘झटका येऊन गेल्यानंतर काही तास ग्लानी राहत असल्याने त्या दिवशी वर्गात बसणे शक्य होत नाही’, ‘सकाळी रक्तातील साखर फार वाढलेली आढळल्यास ती आटोक्यात येईपर्यंत शाळेत पोचण्यास उशीर होऊ शकतो’ अशी वाक्ये डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. दाखला किती काळासाठी ग्राह्य आहे, हेही त्यावर लिहून घ्यावे, कारण तसे नसल्यास काही शाळा प्रत्येक गैरहजेरीला नवा दाखला मागतात आणि आजारी मुलाला केवळ कागदासाठी दवाखान्यात न्यावे लागते. आजाराचे नाव कोणाकोणाला कळावे, हे पालकांनी ठरवून तसे पत्रात नमूद करावे. मूल मोठे असेल तर त्यालाही विचारावे. आपल्या आजाराची चर्चा वर्गभर व्हावी, असे फार थोड्या मुलांना वाटते.

यानंतर हिशेब मांडावा. वर्षात शाळेचे 220 दिवस आहेत आणि परीक्षेस बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते, असे धरू. म्हणजे 165 दिवस हजर राहायला हवे आणि 55 दिवसांची मोकळीक आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, असलेल्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आठवड्याला सहा दिवस शाळा भरत असेल तर 220 दिवस म्हणजे जवळजवळ 37 आठवडे होतात, आणि दर तीन आठवड्यांच्या हिशेबाने त्यात 12 फेऱ्या येतात. आदल्या दिवशी रक्तजुळणीच्या चाचणीसाठीही जावे लागत असेल तर 24 दिवस गेले. मात्र चाचणीच्या दिवशी मूल अर्धा दिवस शाळेत बसले आणि शाळेने ती अर्धी हजेरी नोंदवली, तर हा आकडा 18 वर येतो. उरलेली मोकळीक सर्दी-तापासाठी आणि रुग्णालयातील एखाद्या लांबलेल्या भरतीसाठी लागते, त्यामुळे हे सहा दिवस क्षुल्लक नाहीत.

अर्ध्या दिवसाचा नियम म्हणूनच मुद्दाम विचारून घ्यावा. हजेरी दिवसातून किती वेळा घेतली जाते, ठरलेल्या वेळेनंतर आलेल्या मुलाची नोंद कशी होते, तपासणीसाठी मधूनच नेलेले मूल गैरहजर धरले जाते का, या प्रश्नांची उत्तरे शाळेगणिक वेगळी असतात. ती लेखी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास बोलणे झाल्यावर ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तेच मुद्दे पत्राने कळवावेत. घरीही एका वहीत तारीख, कारण, पूर्ण की अर्धा दिवस आणि दिलेला कागद अशी नोंद ठेवून ती दर महिन्याला शाळेच्या नोंदीशी ताडून पाहावी. महिन्याभरापूर्वीची चूक सहज दुरुस्त होते, वर्षापूर्वीची होत नाही.

एक प्रसंग बहुतेक पालकांच्या ध्यानात येत नाही. कर्करोगाच्या उपचारांमुळे किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाच्या वर्गात कांजिण्या अथवा गोवर निघाला, तर आजारी मूल दुसरेच असते आणि घरी बसण्याची वेळ मात्र आपल्या मुलावर येऊ शकते. कांजिण्यांचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 10 ते 21 दिवस जाऊ शकतात, शिवाय अंगावर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरू लागतात. अशा मुलासाठी संपर्कानंतरचे प्रतिबंधक उपचार वेळेत सुरू व्हावे लागतात; म्हणून वर्गात असा रुग्ण आढळल्यास शाळेने त्याच दिवशी कळवावे, अशी विनंती पत्रात असावी आणि निरोप मिळताच डॉक्टरांना विचारावे. त्यांनी घरी ठेवण्यास सांगितल्यास तो सल्ला लेखी घ्यावा, अन्यथा धडधाकट दिसणारे मूल कित्येक दिवस का आले नाही, याचे उत्तर दप्तरात कोठेच राहत नाही.

हजेरी कमी पडणार हे दिसू लागले की वर्ष संपण्याची वाट पाहू नये. तूट माफ करण्याचा अधिकार अनेकदा शाळेकडे नसून परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे असतो. तेथे अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो आणि त्याला मुदत असते. परीक्षेच्याच दिवशी मूल आजारी पडले तर तो प्रश्न स्वतंत्र आहे. हजेरीची सूट मिळाली म्हणजे फेरपरीक्षा मिळेलच असे नाही, त्यामुळे दोन्हींचे नियम वेगवेगळे विचारावेत.

शाळा काहीच ऐकून घेत नसेल तर बोलण्यास आधार आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात दीर्घकालीन शारीरिक दुर्बलतेमुळे सहभागात अडथळा येणाऱ्या व्यक्तींचाही समावेश होतो, आणि त्यांना वाजवी सोयी नाकारणे हा त्या कराराने भेदभाव मानला आहे. तरीही पहिल्याच पत्रात कराराचा हवाला देऊ नये, असे माझे मत आहे. आधी नेमकी सोय मागावी आणि नकार आल्यास तो लेखी मागावा.

पूर्ण हजेरीच्या बक्षिसाबद्दलही आधीच बोलून घ्यावे. त्या प्रशस्तिपत्रासाठी ताप लपवून शाळेत गेलेली मुले असतात, आणि आजारी मुलाला ते कधीच मिळणार नसते. वैद्यकीय कारणाची गैरहजेरी त्या गणतीतून वगळण्याची विनंती शाळेला करून पाहण्यास हरकत नाही.

मूल परत येते त्या दिवशी राहिलेला सगळा अभ्यास त्याच्यासमोर ठेवला जाऊ नये, यासाठी एका शिक्षकांकडे ही जबाबदारी सोपवण्यास सांगावे. चुकलेल्या धड्यांपैकी पुढचा भाग समजण्यासाठी अनिवार्य कोणते आणि सोडले तरी चालतील असे कोणते, हे त्यांनी ठरवावे. गणितात मधला टप्पा सुटला की पुढचे अडते. इतिहासाची एखादी स्वाध्यायवही कोरी राहिली तर तसे होत नाही. दीर्घ भरतीनंतर पहिला आठवडा रोज काही तासच बसण्याची मुभा हवी असेल, तर ती मुलाला घरी सोडतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि त्या अर्ध्या दिवसांची नोंद कशी होणार, हे शाळेला पुन्हा एकदा विचारावे.