साठीनंतर लिंगाच्या ताठरतेची तक्रार डॉक्टरांना कशी सांगावी

फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट पिशवीत टाका. पहिल्यांदा नेहमीचा फिजिशियन पुरतो. गरज पडली तर तोच युरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या आणि पुरुषांच्या अशा तक्रारींच्या डॉक्टरकडे पाठवेल.

अवघड काम एकच, केबिनमध्ये तोंड उघडणं. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोला काका." शेजारी नर्स वहीत काहीतरी लिहीत होती. मी म्हणालो, "गुडघा दुखतो." कॅल्शियम घेऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला धीर करून "अशक्तपणा वाटतो" म्हणालो, तर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं मिळाली. तिसऱ्या खेपेला चिठ्ठी नेली. त्यानंतर सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींपैकी पाच-सहा जणांना मी डॉक्टरांकडे घेऊन गेलोय आणि चिठ्ठीशिवाय एकालाही आत सोडलेलं नाही.

चिठ्ठीत एवढंच लिहा: "लिंगाला ताठरता येते, पण टिकत नाही. दहा महिने झाले. पहाटे झोपेत क्वचित येते. इच्छा आहे." पहाटेची ओळ गाळू नका. पहाटे नीट येत असेल तर डॉक्टर आधी मनावरच्या ताणाचा विचार करतात, नसेल तर रक्तवाहिन्या आणि नसांचा. इच्छाच गेली असेल तर हार्मोनचा. "कमजोरी", "तो प्रॉब्लेम" हे शब्द नकोत, त्यावर टॉनिकच मिळतं. आणि चिठ्ठी बसल्याबसल्या पुढे सरकवा. उठता उठता काढलीत की पुढचा पेशंट दारात उभा असतो. बायको तयार असेल तर तिलाही न्या. आमची तिथेच म्हणाली, "दहा महिने कुठले, दीड वर्ष झालं."

"वय झालं, आता काय करायचंय?" असं म्हणणारा डॉक्टर बदला. लिंगाच्या रक्तवाहिन्या 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4. चोंदणं तेच, पण बारीक नळीत आधी जाणवतं; छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधीसुद्धा. म्हणून बीपी, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल तपासून घ्याच. टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) रक्त सकाळीच द्या, दुपारी आकडा कमी दिसतो.

एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात वाचून काही घेऊ नका.

डॉक्टरांनी ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी दिली तर तासभर आधी घ्या, तळलेल्या जेवणावर नको. इच्छा नसेल तर ती काही करत नाही. पण हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, अगदी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसुद्धा, तर सिल्डेनाफिल घ्यायचीच नाही. रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. घेतल्यावर छातीत दुखलं तर लाज गुंडाळून दवाखान्यात आधी ही गोळी घेतल्याचं सांगा, कारण सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि त्याच जातीच्या टॅडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देत नाहीत. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याकडून गोळी उसनी घेतली होती. मी त्याच्या शर्टाचा खिसा चाचपला, तर आत सॉर्बिट्रेटची पट्टी.