पायी चालताना गाडीने उडवलं? भरपाई मागताना या चुका टाळा

मावशीला मोटारसायकलने उडवलं त्या संध्याकाळी दवाखान्यात आम्ही तिघं होतो आणि तिघांनी मिळून एकच चूक केली. कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "कसं लागलं?" मावसभाऊ म्हणाला, "रस्त्यात पडली." गाडीवाला पोरगा कोपऱ्यात हात जोडून उभा होता, सगळा खर्च देतो म्हणत होता, आणि पोलिसांची भानगड नको असं आम्हालाही वाटत होतं. केसपेपरवर तेच उतरलं. पुढे ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीला सगळ्यात आधी तोच कागद बाहेर काढला.

मी वकील नाही. पण त्या प्रकरणात इतके हेलपाटे घातले की आता ओळखीत कुणाला धडक बसली की फोन मला येतो. फोनवरची वाक्यंही ठरलेली असतात. माणसं नेमकी कुठे चुकतात ते त्या वाक्यांतूनच कळतं.

"पडली म्हणून सांग"

पहिल्या केसपेपरवर डॉक्टर जो इतिहास लिहितो, त्याला पुढे फार वजन येतं. तेव्हा कुणाला भरपाई सुचलेली नसते, म्हणून ते लिहिलेलं खरं असणार असं न्यायाधीशालाही वाटतं. त्यामुळे तिथे घडलं तेच सांगा: कोणती गाडी, कुठे, किती वाजता, पूर्ण नंबर नसेल तर शेवटचे दोन आकडे. 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंदवली का, तेही विचारा. ती नोंद झाली की दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते.

चूक होऊन गेली असेल तर खाडाखोड करायला जाऊ नका, त्याने जास्त वाटोळं होतं. इलाज करणाऱ्या डॉक्टरला लेखी अर्ज द्या, पोलिसांच्या जबाबात 'घाबरून तसं सांगितलं' हे स्पष्ट लिहून घ्या आणि दुसरा पुरावा शोधा. आमचं निभावलं ते १०८च्या रुग्णवाहिकेमुळे. तिच्यातल्या डॉक्टरांनी आपल्या नोंदीत 'मोटारसायकलची धडक' असं लिहिलं होतं, आणि हे आम्हाला कळलं पाच महिन्यांनी. दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण तर काही दिवसांतच पुसलं जातं. ते जपून ठेवायला दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

एफआयआरला उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका. माणूस आधी जखमीला सांभाळणार, मग ठाण्यात जाणार, निव्वळ उशिरामुळे दावा खोटा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. फक्त उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहा. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तरही ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावी लागते. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी पाठवा.

पंचनाम्याची प्रत मात्र नीट वाचा. पायी चालणाऱ्यावरचा ठरलेला आरोप म्हणजे 'अचानक आडवी आली'. फुटपाथ होता का, की त्यावर गाड्या लावल्या होत्या? झेब्रा क्रॉसिंग किती लांब होतं, पट्टे दिसण्याजोगे होते का, दिवा चालू होता का? हे पंचनाम्यात नसेल तर तुमच्या फोटोंत असू द्या. ट्रायब्युनलने तुमचा हलगर्जीपणा तीस टक्के धरला, तर भरपाईतून तेवढे टक्के कापले जातात.

"केस नको, तो खर्च देतोय"

यामागे बहुतेकदा दया असते. पोरगा गरीब आहे, नोकरी जाईल, आईबाप रडतायत. पण पैसे मुळात त्याच्या खिशातून जायचेच नसतात. त्रयस्थ पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि पायी चालणारा हाच तो त्रयस्थ. गाडी विमाधारक असेल तर भरपाई कंपनी देते. चालकाकडे लायसन नसलं तरी न्यायालयं सहसा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतात. म्हणजे पोराला वाचवायच्या नादात आपण बहुतेक वेळा विमा कंपनीला वाचवत असतो.

आम्हाला त्याने चार हजार दिले. मग फोन बंद.

रोख घेतलीच असेल तर ती कशासाठी, हे लिहून ठेवा. 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं मात्र अजिबात लिहून देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर नकोच. ठाण्यात हा कागद अगदी सहज पुढे सरकवला जातो. पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला घरी जायची घाई असते, तो सही करून मोकळा होतो.

दवाखान्याच्या पहिल्या बिलाच्या धास्तीने तडजोड करणारे पुष्कळ असतात. त्यांना माहीत नसतं की मे २०२५ पासून केंद्राची रोकडविरहित (कॅशलेस) उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात मिळतात. ११२ वर फोन करताना किंवा दवाखान्याच्या काउंटरवर योजनेचं नाव घेऊनच विचारा. आपण विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगेल याची खात्री नाही.

"क्लेम काय, कधीही टाकता येतो"

हे सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याची माहिती जुनी असते. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्यातली मुदतीची अट काढली गेली आणि पुढची सत्तावीस वर्षं दावा खरोखरच केव्हाही टाकता येत होता. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ मध्ये अट परत आली: अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि मुदत संपली एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दिला. तरीही त्या भरवशावर बसू नका. अंतरिम आदेश शेवटपर्यंत टिकेलच असं नाही. शिवाय व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे उशीर केला की तेही गेलं.

आणखी एक गैरसमज. अपघात मुंबईत झाला म्हणून दावा मुंबईतच टाकावा लागतो, असं नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही तो चालतो. साताऱ्याच्या माणसाने प्रत्येक तारखेला मुंबईची एसटी धरायची गरज नाही.

"पोलिसांनी सगळं पाठवलंय"

नियम तसा आहे खरा. २०२२ पासून तपासी अंमलदाराने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. जखमीनेही आपली माहिती ठरलेल्या नमुन्यात ६० दिवसांत द्यायची असते. पण मला आलेल्या फोनांत हा नमुना कुणी पाहिल्याचं आठवत नाही. म्हणून ठाण्यात जाऊन प्रती मागा आणि आपला वेगळा अर्ज टाकाच.

"गाडी पळून गेली, आता काय मिळणार?"

मिळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली, १ एप्रिल २०२२ पासून, गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. त्याआधी हेच आकडे साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते. यासाठी न्यायाधिकरणात जायचं नसतं. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात द्यायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद जोडा. नंतर गाडी सापडली तर रीतसर दावा करता येतो, फक्त ही रक्कम त्यातून परत द्यावी लागते.

या वळणावर एखादा एजंट भेटतो आणि म्हणतो, "गाडी उभी करू आपण." म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी विमा असलेलं वाहन खोटं दाखवायचं. ही सरळ फसवणूक आहे. विमा कंपन्या असे दावे खणून काढतात, आणि मग खऱ्या जखमेचा माणूस आरोपी होऊन बसतो.

गाडी नव्हतीच, उघड्या गटारात किंवा खड्ड्यात पाय गेला, असंही होतं. त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणांकडून मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. तो मार्ग वेगळा आहे, मोटार अपघात न्यायाधिकरणाचा नाही.

"डॉक्टरांनी तीसच टक्के लिहिलंय"

मोठी रक्कम बुडते ती इथे, म्हणून जरा थांबून सांगतो. दाखल्यावरचं अपंगत्व शरीराचं असतं, आणि भरपाई ठरते ती कमाईची ताकद किती गेली यावर. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिलं आहे: डावा हात गमावलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल, नोकरी टिकली असेल, तर कमाईचं नुकसान शून्यही असू शकतं. तेव्हा आपण काय काम करतो, त्यात बसावं लागतं की उभं राहावं लागतं, ओझं किती उचलावं लागतं, हे अर्जात तपशिलाने आलं पाहिजे. नुसतं 'मजुरी' लिहून भागत नाही.

हिशेब असा असतो. समजा वय ४२, महिन्याची कमाई १२ हजार, स्वतःचा धंदा. चाळीस ते पन्नास या वयोगटात पुढच्या वाढीचे २५ टक्के धरले तर १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार. एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १४, म्हणजे २५ लाख २० हजार. यातली ३० टक्के ताकद गेली म्हटलं तर ७ लाख ५६ हजार. साठ टक्के गेली हे पटवून दिलं तर त्याच्या दुप्पट. शिवाय औषधं, रिक्षाभाडं, खुराक, सांभाळायला ठेवलेली बाई, बुडालेला रोज, पुढे रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च आणि सोसलेल्या वेदना, हे सगळं वेगळं. घरकाम करणाऱ्या बाईला 'उत्पन्न नाही' असं लिहू नका. तिच्या कामाचं मोल न्यायालयं धरतात.

म्हणून मूळ बिलं जपा. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीवरचा हिशेब घेऊ नका, पक्की पावती घ्या. दाखला देणाऱ्या किंवा इलाज केलेल्या डॉक्टरला साक्षीला यावं लागेल हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नुसता दाखला फायलीला लावला आणि डॉक्टर आलेच नाहीत, तर विमा कंपनीचा वकील त्याचा पुरेपूर फायदा घेतो. मेडिक्लेममधून बिल भागलं म्हणून ते लपवूही नका. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

आणि इलाज चालू असताना लोकअदालतीत घाईने आकडा मान्य करू नका. लोकअदालत वाईट नाही, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन निघालं तर पुन्हा मागायला जागा उरत नाही.

"वकीलसाहेब आत्ता काहीच घेत नाहीत, फक्त नंतर तीस टक्के"

वॉर्डात येऊन कार्ड देणारा माणूस बहुधा वकील नसतो, दलाल असतो. फी निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर ठरवणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात दाव्यातली अशी मागणी बेकायदा ठरवली आणि फीचा चेक वटला नाही म्हणून वकिलाने पक्षकार बाईवर लावलेली फिर्याद रद्द केली. तरी टक्केवारी सर्रास चालते, हे मलाही ठाऊक आहे. एकरकमी फी आधी ठरवून टप्प्याटप्प्याने देणारे आणि पावती देणारे वकील सापडतात, थोडं विचारावं लागतं. वकीलपत्रावर सही करताना सोबत कोरा चेक, पासबुक किंवा एटीएम कार्ड मागितलं तर सरळ उठा. भरपाई थेट जखमीच्या खात्यात जमा करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्यायाधिकरणांना सांगितलं आहे. तेव्हा खातं एकट्याच्या नावावर, चालू आणि केवायसी झालेलं ठेवा.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. मावशीला तो पहिल्या दिवसापासून मिळू शकला असता. आम्ही गेलो दीड वर्षाने, तेही तिथल्या चहावाल्याने सांगितलं म्हणून.