लॉनमधले खळगे भरताना या चुका टाळा

पावसाळा सरला की बंगल्याच्या लॉनमधले खळगे दिसू लागतात. मग लाल माती मागवली जाते, माळी चार घमेली ओतून फळी फिरवतो आणि पुढच्या पावसात खळगा पुन्हा तिथेच! माती खचली का, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

कारण न शोधता भरणं

खळग्याचा आकार बरंच सांगतो. तो सरळ रेषेत असेल तर खाली बहुधा ड्रेनेजचा किंवा पाण्याचा पाइप असतो. चर बुजवताना धुम्मस केलेलं (माती ठोकून घट्ट केलेली) नसतं, त्यामुळे भराव एक-दोन पावसाळे बसत राहतो. तो बसून झाल्यावर भरला की काम संपतं. गोल आणि अचानक पडलेला खळगा जास्त संशयास्पद. तिथे घुशीचं बीळ, कुजलेला बुंधा किंवा फुटलेला चेंबर असू शकतो. पाइप नाही याची खात्री करून 10-12 मिमीची सळई हळूहळू दाबा. ती एकदम आत गेली तर खणून पोकळी भरा, वरून माती ओतून उपयोग नाही. भर उन्हाळ्यातही जागा चिकचिकीत राहत असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे.

काळ्या जमिनीत मे महिन्यात मापं घेऊ नका. ती माती सुकली की आकसते, भिजली की फुगते. पाऊस ओसरून जमीन वाफशावर (चिखल नाही आणि कोरडीही नाही, अशा ओलीवर) आल्यावरची पातळी खरी.

आणखी एक फसगत कोरियन गवताची. कापणी चुकली की ते उशीसारखं फुगतं आणि शेजारची जागा खोलगट वाटते. गवतात बोटं घालून माती चाचपा. माती सपाट असेल तर खळगा नाहीच, फक्त कापणी हवी.

लॉन पाणसळीत आणणं

गवंड्याच्या सवयीने लॉन फरशीसारखं पाणसळीत केलं तर पाणी जायला वाटच उरत नाही. उतार हवाच, मीटरला किमान 1 सेंमी आणि घराच्या भिंतीलगत 2 सेंमी, तोही भिंतीपासून लांब जाणारा. खड्डा मोजताना आधी लॉनला पाणी द्या, वीस मिनिटांनी जिथे साचलेलं राहील त्याच्या कडेने रांगोळी ओढा. मग प्लास्टरवाल्यांची दोन मीटरची अॅल्युमिनियम पट्टी आडवी ठेवून तिच्याखालची फट छोट्या मोजपट्टीने मोजा. जोत्याच्या भिंतीला माती चढवू नका, आतल्या खोलीत ओल येते. चेंबरचं झाकणही गाडू नका.

हाताला येईल ती माती टाकणं

दोन भाग वाळू, एक भाग पोयटा (गाळाची माती) आणि अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालतं. खत यापेक्षा वाढवू नका, ते कुजत जातं आणि पातळी पुन्हा खाली बसते. अर्धवट कुजलेलं शेणखत तर नकोच, त्यातून गवताची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घ्यायची तर धुतलेली घ्या, नाहीतर तिच्यातली भुकटी सुकल्यावर कडक पापुद्रा धरते. किनारपट्टीवर खाडीची खारी वाळू टाळा. पोयटा 5 मिमीच्या चाळणीतून काढा; खडे जातात आणि लव्हाळा या तणाच्या बऱ्याच गाठीही अडतात.

मागवताना ब्रासमध्ये (100 घनफुटांच्या मापात) विचार करू नका. 100 चौरस फुटांवर 1 सेंमी थराला साधारण 93 लिटर मिश्रण लागतं, बसण्यासाठी थोडं जास्त धरून 110. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी मोजलं तर तीन-सव्वातीन गोण्या.

सगळी खोली एकाच दिवशी भरणं

गवत सगळ्यात जास्त मरतं ते इथे. पान मातीखाली पूर्ण गाडलं गेलं की त्याला उजेड मिळत नाही, आणि आठ-दहा दिवसांत तो भाग पिवळा पडतो. हरळीच्या जातीचं गवत काही प्रमाणात वर फुटून येतं. कोरियन मात्र फार सावकाश वाढतं, त्याला जाड थर अजिबात सोसत नाही.

आधी गवत नेहमीपेक्षा थोडं आखूड कापा, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. कापलेलं गवत उचला, बुडाशी साचलेला वाळका थर दाताळ्याने ओढून काढा. मिश्रण कोरडं असावं. फावड्याने पसरून दाताळ्याच्या उलट्या बाजूने मागे-पुढे घोळवा, म्हणजे ते पानांमधून बुडाशी उतरेल. थर 1 सेंमीपर्यंत, आंब्याच्या सावलीत त्याच्या निम्मा. पानांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. पुढचा थर गवत त्यातून वर येऊन दोनदा कापल्यावरच, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी.

खोली 4-5 सेंमीच्या पुढे असेल तर थरांचा नाद सोडा. फावड्याने इंग्रजी एच अक्षरासारखा छेद घेऊन 4-5 सेंमी जाडीचे दोन पदर चटईसारखे बाहेर गुंडाळा आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवा. तळ खुरप्याने मोकळा करा, नाहीतर जुनी-नवी माती सांधत नाही. मग 5-5 सेंमीचे थर धुम्मसून भरा, शेवटी 1 सेंमी उंच ठेवा. पदर परत बसवून सांध्यांत मिश्रण घाला, भरपूर पाणी द्या.

चुकीचा महिना, चुकीचा रोलर

डिसेंबर-जानेवारीत ही गवतं जवळपास थांबलेली असतात, थर तसाच पडून राहतो. जुलैत मिश्रण वाहून जातं. पाण्याची सोय असेल तर मार्च-एप्रिल उत्तम, नाहीतर पाऊस ओसरताना सप्टेंबर. रोलरने उंचवटे दबतील ही अपेक्षा ठेवू नका. ओल्या मातीवर फिरवला तर जमीन घट्ट होऊन पाणी आणखी साचतं. उंचवटा कापूनच काढावा लागतो.

नंतर काही बिघडलं तर

भाग पिवळा पडायला लागला तर ताठ खराट्याने जादा माती बाजूला सारा, पानं उघडी करा. सांधे वाळून उघडले तर त्यांत मिश्रण भरून रोज हलकं पाणी द्या. पंधरा दिवसांनीही वाढ मंद वाटली तर 100 चौरस फुटांना 80-100 ग्रॅम युरिया कोरड्या पानांवर फोका आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पानं करपतील. लव्हाळा उगवलाच तर तो कोवळा असताना गाठीसकट खुरप्याने काढा; नुसता उपटला तर गाठ आत राहते आणि परत फुटते.