वेल्डिंग सुपरवायझरच्या पात्रतेची तयारी, आणि माझी न लिहिलेली वही

पोलादी बांधकामाच्या वेल्डिंग सुपरवायझरची पात्रता मिळवण्याचा माझा पहिला प्रयत्न लेखी परीक्षेत फसला नाही, हात कच्चा होता म्हणूनही फसला नाही. तो तोंडी परीक्षेत एका साध्या प्रश्नावर फसला. तुम्ही स्वतः काम थांबवल्याचा एक प्रसंग सांगा, असे मला विचारण्यात आले. मी तपशिलात सांगितले: तुळईच्या फ्लँजचा (आडव्या पट्टीचा) बट जोड (टोकाला टोक लावलेला) होता, प्लेट ४० मिमी जाडीची होती, वेल्डरने प्रीहीट (वेल्डआधी प्लेट तापवणे) न करताच रूटला, म्हणजे तळाच्या पहिल्या थराला, सुरुवात केली होती, मी त्याला थांबवले, तेवढा भाग ग्राइंड करून काढायला लावला आणि प्लेट तापवून पुन्हा सुरुवात करून घेतली. परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, याची नोंद दाखवा. नोंद नव्हती. तारीख आठवत नव्हती, जोडाचा क्रमांक आठवत नव्हता, पुन्हा सुरू करताना किती तापमान मोजले तेही सांगता आले नाही. पंधरा वर्षे केलेल्या कामाचा माझ्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता.

म्हणून पहिली बाब नोंदवही, आणि कोणाला एवढेच वाचून थांबायचे असेल तर त्याने खुशाल थांबावे. अभ्यासक्रमाला नाव घालण्याच्या आधीपासून, निदान वर्षभर आधीपासून, आपण ज्या ज्या जोडावर देखरेख केली त्याची नोंद त्याच दिवशी करावी: तारीख, ड्रॉइंग क्रमांक, जोड क्रमांक, डब्ल्यूपीएसचा (वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीचा) क्रमांक, वेल्डरचा ओळखक्रमांक, प्लेटचा हीट नंबर (ती ज्या वितळीतून निघाली तिचा क्रमांक), रॉडचा किंवा वायरचा बॅच नंबर, मोजलेले प्रीहीट, मोजलेला करंट आणि व्होल्टेज, काय दिसले आणि आपण काय ठरवले. त्याखाली जबाबदार व्यक्तीची सही शक्यतो त्याच दिवशी घ्यावी. ‘महिनाअखेरीस सगळ्या सह्या एकदम घेऊ’ असे म्हणणाऱ्याची वही महिनाअखेरीस कोरीच असते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली वहीही ओळखू येते, तेव्हा तो मार्ग सुचलाच तर सोडून द्यावा.

दुसरी बाब, आपण कोणत्या शिडीवर चढत आहोत हे आधी नक्की करावे. आयएसओ १४७३१ हे मानक वेल्डिंगच्या समन्वयाची कामे आणि जबाबदाऱ्या सांगते आणि तांत्रिक ज्ञानाचे सर्वंकष, विशिष्ट आणि मूलभूत असे तीन स्तर धरते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची सुपरवायझर प्रमाणपत्राची पद्धत वेगळी आहे, आणि काही देशांची स्वतःची मानके आहेत. पात्रतेच्या अटी, अनुभवाची वर्षे आणि परीक्षेतले मानक या गोष्टी योजनेनुसार बदलतात, त्यामुळे मित्राच्या सांगण्यावर न जाता योजनेचा मूळ कागद स्वतः वाचावा. त्यात अनुभवाचा पुरावा कोणत्या स्वरूपात मागितला आहे ते वाक्य शोधून त्याखाली रेघ मारावी. मी ते वाक्य वाचले होते आणि पुढे गेलो होतो.

ओळखपत्र, शिक्षणाचे दाखले, फोटो यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. डोळ्यांची तपासणी मात्र वेळेत करून घ्यावी, कारण जवळचे नीट न दिसणारा माणूस अंडरकट (वेल्डच्या काठाला पडलेली खाच) मोजू शकत नाही. स्वतःचे वेल्डर प्रमाणपत्र चालू आहे ना हेही पाहावे. आयएसओ ९६०६-१ या वेल्डर-पात्रतेच्या मानकानुसार दर सहा महिन्यांनी त्याची पुष्टी व्हावी लागते, आणि अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या एडब्ल्यूएस डी १.१ या पोलादी बांधकामाच्या संहितेतही त्या प्रक्रियेचे काम सहा महिन्यांहून अधिक खंडले तर पात्रता टिकत नाही. ही सहा महिन्यांची सलगता सिद्ध कशाने होते? नोंदीने. पुन्हा तीच वही.

अभ्यासात सर्वांत जास्त वेळ ड्रॉइंगवरील चिन्हांना द्यावा, कारण आपल्याला ती येतात असे प्रत्येक जुन्या वेल्डरला वाटते. फिलेटच्या (कोपऱ्यातल्या तिकोनी वेल्डच्या) चिन्हाशेजारी ८ लिहिले आहे, पण ते ८ कशाचे? आयएसओच्या पद्धतीत ‘ए’ असेल तर थ्रोट (कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी) ८ मिमी आणि ‘झेड’ असेल तर लेग (प्लेटवर टेकलेली बाजू) ८ मिमी. अमेरिकन पद्धतीत फिलेटचे माप म्हणजे लेग. समान लेगच्या फिलेटमध्ये थ्रोट हा लेगच्या ०.७ पट असतो, म्हणजे ८ मिमी लेगचा थ्रोट जेमतेम ५.७ मिमी भरतो, आणि ८ मिमी थ्रोट हवा असेल तर लेग ११.३ मिमी लागतो. पहिल्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मिमी, दुसऱ्याचे ६४. एका अक्षराच्या चुकीने एकतर निम्माच धातू पडतो किंवा दुप्पट रॉड आणि दुप्पट वेळ जातो, आणि जास्तीच्या उष्णतेने प्लेट वाकते ती वेगळीच. बाजूचेही तसेच: अमेरिकन चिन्हात रेषेखालचे चिन्ह बाणाच्या बाजूचे असते, तर आयएसओच्या एका पद्धतीत तुटक रेषेवरचे चिन्ह पलीकडच्या बाजूचे असते. जुन्या कामांची दहा-बारा ड्रॉइंग घ्यावीत आणि प्रत्येक चिन्ह तोंडाने मोठ्याने वाचावे. अडखळलो तिथे आपल्याला ते येत नाही.

गणिताला घाबरण्यासारखे काही नाही. उष्णतेचा पुरवठा काढताना व्होल्टेज गुणिले करंट गुणिले ६०, भागिले मिनिटाला मिमीमधला वेग आणि १०००. उत्तर दर मिमीला किलोज्यूलमध्ये येते. २४ व्होल्ट, १८० अँपिअर आणि मिनिटाला २०० मिमी वेग असेल तर ते सुमारे १.३ येते, आणि युरोपीय पद्धतीने साध्या रॉडचा ०.८ हा गुणक लावला तर १.०४. गुणक लावायचा की नाही हे प्रश्नातल्या मानकावर ठरते, इथे घाई करू नये. वेल्डरचा वेग निम्म्यावर आला की उष्णता दुप्पट होते, हे ज्याला कळले त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही. हे आकडे पुस्तकात शोधण्यापेक्षा टंग टेस्टर (केबलभोवती लावून करंट मोजणारे यंत्र) आणि स्टॉपवॉच घेऊन प्रत्यक्ष जोडावर मोजावेत. व्होल्टेज जमेल तितके आर्कच्या जवळ मोजावे, कारण लांब केबलमध्ये ते पडते. मोजले की वहीत लिहावे. (मी मोजत असे, लिहीत नसे.)

कार्बन समतुल्य, म्हणजे पोलाद वेल्डजवळ किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा, काढताना कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवायचा असतो. ०.१८ टक्के कार्बन आणि १.४ टक्के मँगनीज असलेल्या प्लेटचा आकडा एवढ्यानेच ०.४१ वर जातो. हा आकडा आणि जाडी वाढली की प्रीहीटची गरज वाढते. त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे: हायड्रोजन, कडक झालेला भाग आणि ताण हे तिघे एकत्र आले की जोड थंड झाल्यावर तडा जातो, आणि तो कधी कधी दुसऱ्या दिवशी जातो. म्हणून काही पोलादांच्या जोडांची तपासणी ४८ तासांनंतरच करतात. प्रीहीट कुठे मोजायचे हेही विचारले जाते, डी १.१ नुसार जाड भागाच्या जाडीइतक्या, पण कमीत कमी ७५ मिमी अंतरापर्यंत चहूबाजूंनी ते तापमान आलेले असावे लागते. टॉर्च फिरवून लगेच जोडाच्या काठावर टेम्प स्टिक (ठरावीक तापमानाला वितळणारी कांडी) ओढणे म्हणजे मोजणे नव्हे.

रॉडच्या ओव्हनकडे मी दुर्लक्ष केले होते, तुम्ही करू नका. ७०१८ जातीचा (कमी हायड्रोजनचा, कोरडाच ठेवावा लागणारा) रॉड सीलबंद डब्यातून किंवा ओव्हनमधून बाहेर काढल्यावर, डी १.१ नुसार, सर्वसाधारणपणे चार तासच उघडा ठेवता येतो, आणि ओव्हन निदान १२० अंश सेल्सिअसवर असावा लागतो. रॉड ओव्हनमधून किती वाजता निघाला हे कोणी लिहिले नसेल तर ते चार तास कोणत्या क्षणापासून मोजणार? इथेही मुद्दा वहीचाच आहे, मी मुद्दाम विषय ओढून आणत नाही.

कागदपत्रांतला फरक मात्र तोंडपाठच हवा. पीक्यूआर म्हणजे चाचणीत प्रत्यक्ष काय घडले याची नोंद, डब्ल्यूपीएस म्हणजे वेल्डरने काय करायचे याची सूचना, आणि वेल्डरचे प्रमाणपत्र म्हणजे त्या माणसाला ते जमते याचा पुरावा. पद्धत मंजूर आहे म्हणून वेल्डर पात्र ठरत नाही, आणि वेल्डर कितीही चांगला असला तरी त्याच्या हाताने पद्धत मंजूर होत नाही. हे आम्हा हाताने काम केलेल्यांना पचायला वेळ लागतो. पुस्तक उघडून परीक्षा असेल तर योजनेने सांगितलेलीच आवृत्ती आणावी आणि कोणते कोष्टक कुठे आहे हे बोटांना माहीत असावे. पाने चाळण्यात परीक्षेचा अर्धा वेळ जातो.

डोळ्यांनी तपासणी करण्याचा सराव गेज हातात घेऊनच करावा. फिट-अपपासून (वेल्डआधी भाग जुळवून बसवण्यापासून) सुरुवात करावी, कारण रूट गॅप (तळाशी ठेवलेली फट) आणि काठांची पातळी चुकलेली असेल तर पुढची तपासणी उशिराचीच असते. आयएसओ ५८१७ या वेल्डमधल्या दोषांच्या मर्यादा सांगणाऱ्या मानकातले बी, सी, डी हे गुणवत्तेचे स्तर समजून घ्यावेत. एकच अंडरकट एका स्तरात चालतो आणि दुसऱ्यात नाकारला जातो, त्यामुळे ‘वाईट दिसतो’ हे उत्तर नाही. मिमी सांगावेत, कलम सांगावे, आणि सांगितल्यावर लिहावे.

वाकणे आणि वेल्डचा क्रम, अल्ट्रासॉनिक व मॅग्नेटिक तपासणीतला फरक, बंद जागेतला धूर, विजेचा धक्का, आगीचा पहारा, हे सारे अभ्यासक्रमात येतेच आणि काम केलेल्या माणसाला त्याचे निम्मे आधीच माहीत असते. वाचून घ्यावे.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचू नये. वहीतले पाच प्रसंग निवडावेत: एक काम थांबवल्याचा, एक दुरुस्तीचा, एक वेल्डरशी मतभेदाचा, एक ड्रॉइंगमधली चूक पकडल्याचा आणि एक आपलीच चूक झाल्याचा. पानांवर खुणा लावाव्यात, सह्या तपासाव्यात, सगळ्या पानांची एक प्रत घरी ठेवावी.

परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र, चष्मा, साधा कॅल्क्युलेटर, गेज, सुरक्षा बूट. वही हातातल्या पिशवीत ठेवावी, गाडीत ठेवू नये.