हळू हात घातला तर पातळ, ठोसा मारला तर घट्ट

हळू हाताला पातळ आणि ठोशाला घट्ट लागणारे मिश्रण करायचे तर दुकानात 'कॉर्नफ्लोअर' असेच सांगून मागा. मक्याचे पीठ चालत नाही. त्यात अख्खा दाणा कोंड्यासकट दळलेला असतो. आपल्याला हवे निव्वळ स्टार्च: पांढरेशुभ्र, चिमटीत दाबले की करकरणारे. खान्देशात मक्याची कमी नाही. दोंडाईच्याला तर मक्यापासून स्टार्च काढायचा कारखानाच आहे.

परातीत दोन वाट्या कॉर्नफ्लोअर घ्या. वाटीभर गार पाणी थोडे थोडे घालत हाताने कालवा. पाऊण वाटी संपली की पुढचे पाणी चमच्यानेच घाला, कारण खरी कसोटी इथे आहे. नुसते बोट फिरवताना भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. ठोसा मारल्यावर शिंतोडे उडाले तर जास्त झाले. चमचाभर पावडर वाढवा. बोट हळू फिरवता येते आणि झटका दिला की अडते, तिथे थांबा. गरम पाणी अजिबात नको, स्टार्चचे दाणे फुगून खळ होते. वैशाखात करत असाल तर मधूनमधून पाण्याचा हबका मारा.

आता मूठ आपटा, ती वरच अडेल. मग मूठभर मिश्रण उचलून भराभर वळा, गोळा होईल. हात थांबवा, गोळा बोटांतून ओघळेल.

असे का होते? स्टार्चचे दाणे साधारण 5 ते 20 मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हळू हलवले तर दोन दाण्यांमध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि ते एकमेकांवरून घसरतात. जोर वाढला की थर टिकत नाही, दाणे थेट घासतात आणि घर्षणाने एकमेकांना अडवतात. सारंगखेड्याच्या यात्रेत सावकाश सरकणारी गर्दी मागून रेटा आला की दाटून जागीच थांबते, तसेच. गोल, घर्षण नसलेले कण कसेही भरले तर जागेचा सुमारे 64 टक्के भाग व्यापेपर्यंत वाहू शकतात. घर्षण आले की त्याआधीच अडकतात. या दोन हद्दींच्या मधले प्रमाण साधले तरच ठोसा अडतो, म्हणून तर चमच्याचा एवढा आग्रह. घर्षणाचा हा वाटा सेतो, मारी, मॉरिस आणि डेन या संशोधकांनी 2013 मध्ये संगणकावर कण हलवून दाखवला.

खेळून झाले की मिश्रण मोरीत ओतू नका. स्टार्च तळाशी बसून पाइप तुंबतो. परात उन्हात ठेवा आणि वाळलेली पावडर खरवडून डब्यात भरा, पुन्हा कालवता येते.