पाटी आधी, माणूस नंतर

रस्त्यावर गंमत दिसते, पण फोटोसाठी मोबाईल काढेपर्यंत संपलेली असते. म्हणून अर्धी गंमत आधीच हेरून ठेवायची.

१. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर 'एकच भाव' असली पाटी शोधा. समोरच्या कडेला उभे राहा.

२. पाटीची सगळी अक्षरं चौकटीत घ्या. एक अक्षर कापलं तरी विनोद गेला. पाटीवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनात फोकस लॉक होतो. कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवा, म्हणजे हलता हात पुसट येत नाही.

३. आता थांबा. वीसेक मिनिटांत एखादी मावशी पिशवी काखेत मारून, बोटं नाचवत त्याच पाटीखाली घासाघीस करतेच! तिचा हात वर गेला की दाबा.

कुणाच्या गरिबीवर किंवा व्यंगावर हसू येणारा फोटो मात्र नको. 'काय ओ, फोटो कशाला?' असं कुणी विचारलंच, तर दाखवा, नको म्हटलं तर तिथंच पुसा.